सोवळ्यातलं मांजर

मांजर विष खाऊन मरतं, हा समज आधी डोक्यातून काढा. मांजर विष काय, धड जेवणसुद्धा खात नाही. समोर ठेवलेली ताटली ते आधी हुंगतं, मग एक पाऊल मागे सरून पुन्हा हुंगतं, मग 'हे तुम्ही खाता?' अशा नजरेनं आपल्याकडे बघतं आणि निघून जातं. ताज्या सायीत खोट काढणारा हा प्राणी, बाटली उघडी दिसली म्हणून फिनेलला तोंड लावेल हे शक्यच नाही. मांजराचा घात करते ती त्याची स्वच्छता. पायाला काही लागलं की चाट, पाठीला काही लागलं की चाट, आणि कुठेच काही लागलं नसेल तर वेळ कसा घालवायचा म्हणून चाट. जे अंगाला लागलं ते पोटात गेलं, असा सरळ हिशेब. कुत्रा विष खातो तो हावरटपणानं. मांजर खातं ते आंघोळ करताना.

असा प्राणी राहायला आला कुठे, तर आमच्या घरी.

आमचं घर धारवाडात, मालमड्डीला. घरात मराठी, दारात कानडी आणि बँकेच्या पासबुकात इंग्रजी, अशी इथल्या जुन्या मराठी घरांची रीत. मांजर तिन्ही भाषांना सारखंच मोजतं, म्हणजे मोजत नाही. आम्ही तिला मनी म्हणतो, शेजारच्या अज्जी पुट्टी म्हणतात. ती दोन्हीकडे जेवते आणि दोन्ही हाकांना पाठ फिरवून बसते. घरावर राज्य आजीचं, आणि त्या राज्याचा खरा शत्रू म्हणजे ओल. धारवाडचा पाऊस मुंबईसारखा कोसळून मोकळा होत नाही. तो जूनमध्ये ठिबकायला लागतो आणि गणपती उठले तरी ठिबकतच असतो. भिंतीला पोपडे, कपड्यांना बुरशी, फरशीला चिकटा. या ओलीविरुद्ध आजीनं जमवलेली शिबंदी अशी: न्हाणीघराला काळं फिनेल, सोप्याला पांढरं फिनेल, कपाटात डांबरगोळ्या, ओट्याखाली झुरळांसाठी खडूनं ओढलेली लक्ष्मणरेषा, माळ्यावर उंदरांसाठी कागदाच्या पुडीतली काळी पूड, सर्दीला निलगिरीचं तेल आणि देवाला कापूर. यातलं एकही मांजराला चालत नाही. लक्ष्मणरेषा ओलांडू नये हे बजावून सांगूनही सीतेला जमलं नाही, तिथे मनीची काय कथा? ती ओलांडते, पलीकडे जाऊन बसते आणि तळवे चाटायला घेते.

थोडक्यात, घरात सोवळी दोन. आजीचं सोवळं फरशीवर आणि मनीचं अंगावर. यांची गाठ पडली की प्रकरण डॉक्टरांकडे जातं.

मांजरालाच एवढं काय होतं, हा प्रश्न रास्त आहे. त्याच फरशीवर आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पाटावर बसून जेवलो, कुणाला काही झालं नाही. भानगड यकृतात आहे. आपल्या यकृतात काही औषधं आणि फिनॉलच्या जातीची रसायनं यांना साखरेपासून बनलेला एक रेणू चिकटवून त्यांची लघवीवाटे रवानगी करणारं एक खातं चालतं. मांजराच्या यकृतात ते खातं नावाला उरलेलं आहे. फाईल आत येते, पण शिक्का मारायला कुणी नाही, मग ती तिथेच पडून राहते आणि कुजते. या कामाचं एक जनुक मांजरकुळात केव्हाच निकामी झालं. वाघसिंहांचंही तेच, म्हणजे मावशी आणि भाचा एकाच माळेचे मणी. कारण असं सांगतात की वनस्पतींत नाना तऱ्हेची विषं असतात, पाला खाणाऱ्याला ती पचवावी लागतात. जन्मभर फक्त मांस खाणाऱ्याला तो उद्योग ठेवायचं कारणच पडलं नाही. शाकाहाराचे फायदे सांगताना आजी हा मुद्दा हल्ली आवर्जून काढते.

मांजराचं आणखी एक खातं बंद आहे, ते गोडाचं. जिभेवर गोडी ओळखणारी जी यंत्रणा लागते तिच्या दोन जनुकांपैकी एक मांजरात मोडकं आहे, हे 2005 साली फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. वाघ आणि चित्ता यांनाही त्यांनी त्याच पंगतीला बसवलं. ही बातमी बाकी जगाला गमतीची वाटली असेल, धारवाडात ती दुःखद आहे. ज्या गावात पाहुण्याला निरोप द्यायचा तो पेढ्याचा पुडा देऊन, त्या गावात जन्म काढायचा आणि गोड म्हणजे काय ते कळायचं नाही! मनी पेढा चाटते हे खरं, पण ते खव्यातल्या स्निग्धासाठी. वरून घोळलेली साखर तिच्या लेखी वाळू. पेढ्यानं मांजराचं फारसं बिघडत नाही. चॉकलेटनं मात्र बिघडतं. गोडाची ओढच नसल्यामुळे ते चॉकलेटच्या वाटेला सहसा जात नाही, एवढंच त्याचं नशीब.

आता फिनेल. बाटलीवर लिहिलेलं असतं, इतक्या पाण्यात इतकी टोपणं. आजीचं प्रमाण वेगळं: पाण्याला रंग आला पाहिजे आणि पुसणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. एका दमट सकाळी या प्रमाणानं न्हाणीघराचा उंबरा पुसला गेला, त्यावरून मनी गेली, आणि नंतर खिडकीत बसून तिनं चारही पायांची यथासांग शुद्धी केली. तासाभरात तोंडातून लाळेची तार. डोकं खाली, चाल वाकडी, आणि सर्वांत भीतीदायक म्हणजे हाक मारल्यावर आली.

सल्ले ताबडतोब सुरू झाले. आत्या म्हणाली, ताक पाजा. अज्जी म्हणाल्या, मिठाचं पाणी पाजून ओकारी काढा. वरच्या मजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर जिन्यातूनच म्हणाले, ''अहो, अंग गरम लागतंय का बघा. पॅरासिटामॉलची पाव गोळी द्या, लहान मुलांना देतो तशी.'' या तिघांत सर्वांत सभ्य दिसणारा सल्ला मॅनेजरांचा होता आणि सर्वांत घातकही तोच. पॅरासिटामॉल नेमकं त्या बंद खात्याकडेच जातं. तिथून परत फिरून ते रक्ताचं असं करतं की त्याला प्राणवायू वाहता येत नाही; हिरड्या तपकिरी-निळ्या पडतात, तोंड आणि पंजे सुजतात, पाठोपाठ यकृत जातं. पाचशे मिलिग्रॅमची एक गोळी मोठ्या मांजराला पुरते, आणि पाव गोळीसुद्धा निर्धास्त म्हणता येत नाही. त्यावर उतारा आहे, पण तो दवाखान्यात आहे आणि वेळेवर पोचलं तरच आहे. मिठाच्या पाण्याचंही तसंच. मिठाचंच विष चढू शकतं, आणि फिनेलसारखी वस्तू जाताना घसा भाजते तशी येतानाही भाजते, वर फुफ्फुसात उतरली तर आणखी एक दुखणं. मांजराला घरच्या घरी ओकवू नये. हे वाक्य मी आत्याला दोनदा ऐकवलं. तिनं ताकाचा पेला खाली ठेवला नाही, पण स्वतः प्यायली.

जनावरांच्या दवाखान्यात मांजराची प्रतिष्ठा काय ते तिथे गेल्याशिवाय कळत नाही. आमच्या पुढे एक धारवाडी म्हैस होती. ही साधी म्हैस नव्हे; 2021 साली तिच्या जातीची देशाच्या अधिकृत यादीत स्वतंत्र नोंद झाली, आणि धारवाडच्या पेढ्यामागचं दूध परंपरेनं हिचंच. मागे वळलेली मोठाली शिंगं घेऊन ती उभी होती आणि तिला माहीत होतं आपण कोण आहोत ते. तिच्यामागे एक मुधोळ कुत्रा, घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेल्या खानदानाचा, सडपातळ, नाक वर. आणि मग आम्ही, भाजीच्या पिशवीत मांजर घेऊन. म्हशीच्या मालकानं पिशवीत डोकावून विचारलं, ''हालु कोडतैती येन री?'' दूध देते का? नाही म्हटल्यावर त्यानं ज्या करुणेनं आमच्याकडे पाहिलं ती मला आयुष्यभर पुरेल.

डॉक्टर मात्र गंभीर माणूस. त्यांचा पहिला प्रश्न, ''काय खाल्लं?''

आजीला हा प्रश्न पाहुणचारातली कसूर काढल्यासारखा वाटला. ''सकाळी दूध. मग दहीभात कालवून दिला. मग शेजारी जाऊन आली, तिथलं मला माहीत नाही.''

''नंतर?''

''नंतर पाय चाटले.''

''कुठे गेली होती चाटायच्या आधी?''

आजीनं पदर सारखा केला. ''न्हाणीघरात. पण तिथे सगळं स्वच्छ होतं हो डॉक्टर. फिनेलनं पुसलेलं.''

डॉक्टरांनी पुढे विचारलं नाही. त्यांनी कोमट पाणी आणि भांडी घासायचा पातळ साबण मागवला, आणि मनीला धुवायला घेतलं. औषध असं पहिल्यांदा हेच: जे अंगावर आहे ते धुऊन काढायचं, म्हणजे पुन्हा चाटलं जाणार नाही. जन्मात पहिल्यांदा कुणी दुसऱ्यानं आंघोळ घातल्याचा अपमान तिनं डॉक्टरांच्या मनगटावर नोंदवला. मग गरम टॉवेल, सुईतून पाणी, आणि चाटू नये म्हणून गळ्यात प्लॅस्टिकचं नरसाळं. फिनेल गेलं आणि फनेल आलं. वाचली. त्या रात्री ती नरसाळ्यात तोंड घालून ओरडली तेव्हा आवाज दुप्पट घुमला. तशी आमच्याकडच्या मांजरांना गाण्याची परंपरा आहेच. हुबळीचे बोके गंगूबाईंच्या गावचे, त्यामुळे किराणा पद्धतीनं एकेका सुरावर बराच वेळ राहतात, आणि धारवाडचे मन्सूरांच्या गावचे, म्हणून तानेवर तान टाकत सुटतात. मध्यरात्री दोन्ही घराणी आमच्या कौलांवर भेटतात.

निघताना डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली ती सोन्यासारखी: पुढच्या वेळी पिशवीत मांजराबरोबर बाटलीही आणा. कीटकनाशकाच्या डब्यावर एक रंगीत खूण कायद्यानं छापावी लागते, 1971 च्या नियमांपासून. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. शिवाय आत कोणतं रसायन आहे आणि उतारा काय तेही लिहिलेलं असतं. डॉक्टरांचा अर्धा वेळ 'निळ्या झाकणाचं काहीतरी होतं' या वर्णनावरून विष ओळखण्यात जातो. घरी आल्यावर आजीनं सगळे डबे मांडले आणि झुरळांच्या फवाऱ्यावर हिरवी खूण पाहून तो समाधानानं बाजूला ठेवला. ''हे शाकाहारी आहे,'' ती म्हणाली.

झडती सुरू झाली ती मग थांबेना. कपाट उघडलं. आजीच्या इरकल साड्यांची चळत, प्रत्येक घडीत डांबरगोळी, आणि मधल्या साडीवर मांजराच्या आकाराचा खळगा. मनीची दुपारची झोप तिथे होते हे कुणालाच माहीत नव्हतं. डांबरगोळीचा वास आपल्याला आजोळची आठवण देतो, मांजराच्या रक्ताला आणि यकृताला तो वेगळं काही देतो. शिवाय गोळी गोल असते, पंजानं ढकलली की घरंगळते, म्हणजे ती मांजरासाठीच बनवलेली आहे. गोळ्या हवाबंद डब्यात गेल्या, साड्यांत सुकी कडुनिंबाची पानं आली. अंगणात कण्हेर होती, देवाच्या फुलांसाठी. ती हृदयालाच हात घालते, माणसाच्याही. कोरफड, पानफुटी, हौसेनं आणलेला मनीप्लँट, सगळे कमी-अधिक गुन्हेगार. आश्चर्य वाटलं ते हुबळीच्या एका रिसेप्शनहून आलेल्या बुकेचं. त्यातली मोठी सुवासिक लिली ही मांजराच्या बाबतीत खरी खुनी. पान नको, पाकळी नको. अंगावर सांडलेले पराग चाटले किंवा फुलदाणीतलं पाणी प्यायलं तरी दोन-तीन दिवसांत मूत्रपिंडं बंद पडू शकतात. कुत्र्याला तिच्यानं एवढं होत नाही. बुके आम्ही मॅनेजरांना दिला. त्यांच्याकडे मांजर नाही.

राहता राहिली माळ्यावरची काळी पूड. तिचं आमच्या घरात वजन आहे, कारण उंदीर म्हटलं की या जुळ्या शहरांच्या पोटात अजून गोळा येतो. 1898 साली हुबळीत प्लेग शिरला तेव्हा हाफकिनची नवी लस इथे हजारोंना टोचली गेली; मुंबईत ती तयार होऊन फार दिवस झाले नव्हते. धारवाडचा पेढासुद्धा, उन्नावकडून प्लेगच्या भयानं निघून आलेल्या एका ठाकूर घराण्यानं इथे आणला असं सांगतात. आणि त्याच काळात मांजराला सरकारदरबारी मान मिळाला, तोही आपल्या वऱ्हाडात. अमरावतीचे सिव्हिल सर्जन बुकॅनन यांनी गावोगावच्या मांजरांची चक्क खानेसुमारी केली, आणि जिथे मांजरं भरपूर तिथे प्लेग कमी, असं मत 1908 साली ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात मांडलं. मांजरालाही प्लेग होतो ही गोष्ट निराळी. गोऱ्या साहेबाच्या निष्कर्षात एवढं चालायचं. मला कुतूहल आहे ते खानेसुमारीचं. दारात पाटील, तलाठी आणि प्रश्न, 'घरात मांजरं किती?' आणि घरधनीण विचारात, शेजारी जेवणारं कुणाच्या नावावर घालायचं?

त्या मानाच्या जागेवर आता पूड आली. गल्लीतून सायकलवाला ''इली, जिरळी, तगणी'' अशी ध्वनिफीत लावून फिरतो, उंदीर, झुरळं, ढेकूण यांचा एकत्र बंदोबस्त. त्याच्या पुडीतली काळी पूड बहुधा झिंक फॉस्फाइडची. पोटातल्या आम्लाशी तिची गाठ पडली की विषारी वायू सुटतो, आणि त्यावर नेमका असा उतारा नाही. दुकानातल्या वड्या वेगळ्या, त्या रक्त गोठू देत नाहीत. त्यांची लबाडी अशी की तीन-चार दिवस काहीच दिसत नाही; उंदीर खाऊन मरतो, त्याआधी मंद होतो, आणि मंद उंदीर धरणं हे मनीसारख्या आळशी शिकाऱ्याला परवडणारं एकमेव काम. वडीचं विष उंदराच्या यकृतात साठलेलं असतं, ते असं पुढे सरकतं. वेळेत कळलं तर 'के' जीवनसत्त्वानं मांजर वाचतं, पण ते आठवड्यांच्या हिशेबानं द्यावं लागतं. म्हणजे आपणच नोकरीवर ठेवलेल्या शिपायाच्या डब्यात आपणच विष कालवायचं, असा हा कारभार.

पूड गेली, तारेचा पिंजरा आला. आणि आजीनं त्यात कांदाभजं अडकवलं.

कांदा हे मांजराचं शेवटचं आणि सर्वांत मराठी संकट. कांदा-लसणातली गंधकाची द्रव्यं मांजराच्या तांबड्या पेशी फोडतात, शिजवून-तळून त्यांचं काही बिघडत नाही, आणि लसूण कांद्याहून वरचढ. भजं मनी खाणार नाही, पण तेलकट तार चाटेल. मी हे सांगितल्यावर आजी क्षणभर गप्प झाली आणि मग तिचा चेहरा उजळला. चातुर्मासात आमच्या घरात कांदा-लसूण येत नाही. म्हणजे वर्षातले चार महिने हे मांजर शास्त्रोक्त सुरक्षित होतं, आणि ते तिच्यामुळे! फिनेलचं सगळं किटाळ तिनं या एका मुद्द्यावर धुऊन टाकलं. वर्षातला सर्वांत धोक्याचा दिवस कोणता हेही आम्हाला मग कळलं: आषाढ शुद्ध नवमी, कांदेनवमी. चार महिन्यांचा कांदा एका दिवसात खाऊन घ्यायचा तो सण. भजी, थालीपीठ, झुणका, भरले कांदे, आणि जमिनीवर सर्वत्र सालपटं. त्या दिवशी मनीला अज्जींकडे पाठवायचं ठरलं. अज्जी माध्व, त्यांच्याकडे कांदा बाराही महिने वर्ज्य.

पिंजऱ्याचा प्रश्न तेवढा उरला. ''धारवाडचा उंदीर आहे तो,'' आजी म्हणाली, ''बटाट्याच्या भज्याला फिरकणार नाही.'' शेवटी सुक्या खोबऱ्याचा भाजलेला तुकडा यावर तडजोड झाली, आणि उंदीर यायला लागले. आजीला जीवहत्या नको, त्यामुळे काका सकाळी पिंजऱ्यावर टॉवेल टाकून स्कूटरवरून केळगेरीच्या तळ्याकडे जातात आणि पाहुण्याला पलीकडच्या शेतात सोडून येतात. परवा अज्जींनी त्यांना फाटकाशी थांबवलं. रोज पहाटे तळ्यावर फिरायला जाता वाटतं, म्हणाल्या, तब्येत सुधारली हो तुमची. काकांनी टॉवेल नीट केला आणि हो म्हटलं. उद्यापासून मॅनेजरही त्यांच्याबरोबर येणार आहेत.